खेळाडू जायबंदी, पगार चालू

प्रश्न असा आहे: स्टीफन स्ट्रॅसबर्ग या पिचरने (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) २४.५ कोटी डॉलरच्या करारात जेमतेम ८ सामने खेळले, तरी वॉशिंग्टन नॅशनल्स त्याला पैसे देत राहिले. अमेरिकेतले बेसबॉल क्लब असे करार रद्द का करत नाहीत? आणि विमा असतो म्हणतात, तर तो या वेळी कुठे गेला?

मी बरीच वर्षं अमेरिकेत अपंगत्व विम्याच्या अंडररायटिंगमध्ये, म्हणजे जोखीम जोखून हप्ता ठरवण्याच्या कामात, आहे. खेळाडूंच्या पॉलिसी हा त्या धंद्यातला एक छोटा कोपरा. त्यामुळे माझं उत्तर मैदानाच्या बाजूने कमी आणि कागदांच्या बाजूने जास्त असेल.

करार रद्द करता येत नाहीत, म्हणून करत नाहीत. मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळताना किंवा सराव करताना दुखापत झाली तर ठरलेला पगार शेवटच्या डॉलरपर्यंत द्यावा लागतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये करारातला बराचसा पैसा हमीचा नसतो, तिथे क्लब खेळाडूला काढून मोकळा होतो. बेसबॉलच्या खेळाडू संघटनेने ही वेळ आपल्या सभासदांवर येऊ दिलेली नाही. पैसे वाचण्याचा एकच सरळ मार्ग उरतो, तो म्हणजे खेळाडूने स्वतःहून निवृत्ती घेणं. निवृत्त झालात की उरलेल्या पगारावर पाणी सोडावं लागतं.

असं करणारे किती? मला ठळक आठवतो तो गिल मेश. कॅन्सस सिटी रॉयल्सशी त्याचा ५ वर्षांचा, ५.५ कोटींचा करार होता. खांदा गेला होता. जानेवारी २०११ मध्ये, करार संपायला एक वर्ष बाकी असताना, तो निवृत्त झाला आणि सुमारे १.२४ कोटी डॉलर त्याने सोडून दिले. वर्षभर दुखापतग्रस्तांच्या यादीत नाव ठेवलं असतं तर ते पैसे त्याला घरबसल्या मिळाले असते. अशी माणसं आमच्या हिशोबात धरता येत नाहीत. बाकीचे सगळे 'निवृत्त' हा शब्द तोंडातून निघू नये याची काळजी घेतात, आणि त्यात गैर काही नाही.

प्रिन्स फील्डरचं बघा. सलग ३ हंगाम तो एकही सामना न चुकवता १६२ च्या १६२ खेळला. डेट्रॉइट टायगर्सने त्याला ९ वर्षांसाठी २१.४ कोटी दिले होते. पुढे त्यांनी त्याला टेक्सस रेंजर्सकडे पाठवलं. तिथे मानेची दोनदा शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये गळ्यात पट्टा लावून तो पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला की डॉक्टर आता खेळू देत नाहीत. निवृत्तीचा कागद मात्र दिला नाही. तेव्हा पुढची ४ वर्षं, दर वर्षी २.४ कोटी, असं देणं बाकी होतं. बातम्यांत आलेली वाटणी अशी होती: ६० लाख टायगर्सचे, ९० लाख विमा कंपनीचे आणि ९० लाख रेंजर्सच्या खिशातून. एका मानेचे तीन भागीदार.

दुखापत मैदानाबाहेरची असेल तर मात्र क्लबला पकड मिळते. प्रमाणित करारातच लिहिलेलं असतं की स्कीइंग, मोटारसायकल शर्यत, बॉक्सिंग, बास्केटबॉल असले उद्योग करायचे नाहीत. ॲरन बून २००३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजचा हिरो होता. जानेवारी २००४ मध्ये मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याने ते सरळ सांगून टाकलं. ५७.५ लाखांचा करार रद्द झाला, हातात आले सुमारे ९ लाख १७ हजार. त्याच्या जागी यांकीजने ॲलेक्स रॉड्रिगेजला आणलं. याच बूनला त्याच क्लबने पुढे व्यवस्थापक नेमलं, म्हणजे खरं बोलल्याची भरपाई उशिरा का होईना, झाली. उलट २००२ मध्ये जेफ केंटने मनगट मोडल्यावर ट्रक धुताना पडलो असं सांगितलं. मोटारसायकलवर कसरती करताना लोकांनी पाहिल्याच्या बातम्या आल्या. जायंट्सने त्याचा पगार बंद केला नाही, आणि त्याच वर्षी संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेपर्यंत, गेला.

यातलं सगळ्यात मोठं प्रकरण योएनिस सेस्पेडेसचं. न्यूयॉर्क मेट्सशी ११ कोटींचा करार, दोन्ही टाचांची शस्त्रक्रिया झालेली, आणि २०१९ च्या मे महिन्यात आपल्या रँचवर घोटा मोडून घेतला. रानडुकरासाठी लावलेल्या सापळ्याशी या अपघाताचा संबंध होता, हे पुढे बाहेर आलं. भांडण लवादापर्यंत जाण्याआधी तडजोड झाली आणि २०२० चा २.९५ कोटींचा पगार ६० लाखांच्या हमीवर आला. यांकीजनी जेकोबी एल्सबरीच्या बाबतीतही असाच प्रयत्न केला. उरलेले २.६ कोटी थांबवले, कारण दिलं की त्याने परवानगीशिवाय बाहेरच्या डॉक्टरकडे उपचार घेतले. संघटनेने तक्रार केली, शेवटी आपसात मिटलं, आकडा बाहेर आला नाही. असली भांडणं मिटतात, निकालापर्यंत क्वचितच जातात, कारण हरलेल्या बाजूला तो निकाल पुढच्या प्रत्येक करारात आडवा येईल.

आता दुखापतग्रस्तांच्या यादीबद्दल. ती सोपी आहे. फलंदाज १० दिवसांच्या 'इंज्युर्ड लिस्ट'वर जातो, पिचर १५ दिवसांच्या, आणि मोठी दुखापत असेल तर ६० दिवसांच्या. पहिल्या दोन याद्यांमुळे २६ जणांच्या खेळत्या संघात जागा होते, तिसरीमुळे ४० जणांच्या मोठ्या यादीतही होते. पगार तिन्ही वेळा पूर्ण. एक मेख आहे: ६० दिवसांची यादी हिवाळ्यात नसते. हंगाम संपला की जायबंदी माणूस पुन्हा ४० जणांत मोजावा लागतो, आणि तेव्हा एखादा होतकरू मुलगा बाहेर पडू शकतो. ॲल्बर्ट बेलचं नितंबाचं हाड निकामी झालं आणि २००१ च्या मार्चमध्ये त्याचा खेळ संपला; तरी बाल्टिमोर ओरियल्सने कराराची उरलेली ३ वर्षं त्याचं नाव यादीत ठेवलं, कारण विम्याची तशी अट होती. मैदानावर न येणारा माणूस कागदावर खेळाडू असला तरच विमा कंपनी पैसे भरणार होती.

इथून माझा विषय सुरू होतो.

क्लब ही पॉलिसी स्वतःसाठी घेतो, खेळाडूसाठी नाही. खेळाडूला पगार क्लबच देतो; विमा कंपनी क्लबला त्याचा काही हिस्सा भरून देते. पॉलिसीची भाषा साधारण अशी असते की खेळाडू 'व्यावसायिक बेसबॉल खेळण्यास पूर्णपणे असमर्थ' हवा. कमी वेगाने चेंडू टाकतो, आठवड्यातून दोनदाच खेळू शकतो, धावताना लंगडतो, हे असमर्थता नव्हे. शिवाय सुरुवातीचे काही दिवस क्लबच्या अंगावर असतात, मोठ्या करारात ६० किंवा ९०. त्यानंतर पगाराचा ठरलेला हिस्सा मिळतो. पॉलिसी बहुधा ३ वर्षांची, मग नव्याने तपासणी आणि नवा हप्ता. म्हणजे १० वर्षांच्या कराराला १० वर्षांचं छत्र मिळतंच असं नाही. आणि जुनी दुखापत असेल तर तो अवयवच वगळला जातो: कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या पिचरच्या पॉलिसीत कोपर नसतो. क्लबचे लोक यावर वैतागतात. माझं उत्तर ठरलेलं आहे, जळतं घर विम्याला घेत नाहीत.

दावा आला की आम्ही आधी एक्स-रे बघत नाही, तारखा बघतो. ह्यूस्टनच्या जेफ बॅगवेलच्या प्रकरणात सगळं नाट्य तारखांचंच होतं. खांद्याच्या संधिवाताने तो २००५ चा बराच हंगाम बाहेर होता. सप्टेंबरमध्ये परत आला, चेंडू फेकता येत नव्हता म्हणून फक्त बॅटिंगसाठी. अॅस्ट्रोज त्या वर्षी पहिल्यांदाच वर्ल्ड सीरिजला पोचले, आणि १५ वर्षं त्या क्लबसाठी झिजलेला हा माणूस तिथे खेळला. २००६ चा पगार होता १.७ कोटी. त्यापैकी १.५६ कोटींचा विमा होता आणि ३१ जानेवारी २००६ पर्यंत तो असमर्थ आहे हे सिद्ध करायचं होतं. क्लबने नामांकित शल्यचिकित्सक जेम्स अँड्र्यूज यांच्याकडून तपासणी करवली, त्यांनी असमर्थ ठरवलं, दावा दाखल झाला. इकडे बॅगवेल म्हणत होता, मला प्रशिक्षण शिबिरात येऊन प्रयत्न तरी करू द्या. तो आलाही.

विमा कंपनीने दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की ऑक्टोबरमध्ये हा माणूस वर्ल्ड सीरिज खेळला. तेव्हापासून जानेवारीपर्यंत त्याच्या खांद्यात असं काय नवं बिघडलं? वर्षाच्या शेवटी तडजोड झाली, रक्कम जाहीर झाली नाही. भावनेच्या बाजूने मी बॅगवेलचा. पण टेबलापलीकडे बसलो असतो तर तोच प्रश्न मीही विचारला असता. क्लबने तो प्रश्न ओळखून ऑक्टोबरमध्येच त्याला बसवायला हवं होतं, आणि तसं केलं असतं तर ह्यूस्टनमध्ये कोणी त्यांना माफ केलं नसतं.

यातून जे दिसतं तेच माझं मुख्य म्हणणं आहे. क्लबच्या हिशोबात पूर्ण संपलेला खेळाडू परवडतो, अर्धवट बरा झालेला महाग पडतो. संपलेल्यासाठी विमा भरून देतो, जागा मोकळी होते, दुसरा माणूस आणता येतो. अर्धवट बरा झालेला येतो, १० दिवस खेळतो, पुन्हा दुखावतो, आणि विम्याआधीच्या त्या ६० किंवा ९० दिवसांचा काटा शून्यावर येतो.

न्यूयॉर्क मेट्सचा डेव्हिड राइट हे याचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण. ८ वर्षांचा, १३.८ कोटींचा करार; २०१५ मध्ये पाठीच्या कण्याची नळी अरुंद झाल्याचं निदान; मग मान, खांदा, पाठ अशा एकामागून एक शस्त्रक्रिया. बातम्यांप्रमाणे सलग ६० दिवस बाहेर राहिल्यानंतर मेट्सना त्याच्या पगाराच्या ७५ टक्के रक्कम मिळत होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो छोट्या लीगच्या सामन्यांत खेळायला लागला आणि क्लब गप्प झाला. डॉक्टर काय म्हणतात, तयारी किती झाली, अशी उत्तरं यायला लागली. न्यूयॉर्कच्या वाचकाला त्यामागचं गणित कळत होतं: नाव खेळत्या यादीत आलं की काटा पुन्हा सुरू. शेवटी २९ सप्टेंबरला त्याला घरच्या मैदानावर तिसऱ्या बेसवर निरोपाचा सामना मिळाला, आणि नंतरच्या जानेवारीत क्लब, खेळाडू व विमा कंपनी यांच्यात हिशोब होऊन त्याला मुक्त केलं गेलं. त्याने निवृत्ती जाहीर केली नाही, हेही लक्षात घ्या. २०१९ आणि २०२० चे मिळून २.७ कोटी बाकी होते.

मग स्ट्रॅसबर्गचं काय? २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा तो सर्वोत्तम खेळाडू. त्या डिसेंबरमध्ये ७ वर्षांचा करार झाला. २०२० मध्ये २ सामने, २०२१ मध्ये ५, २०२२ मध्ये १. त्याला झालेला त्रास म्हणजे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. यात गळपट्टीच्या हाडामागून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. उपाय म्हणून बरगडी काढतात. कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षात पिचर बहुधा परततो. बरगडीच्या शस्त्रक्रियेनंतर तसा भरवसा देता येत नाही.

आणि विमा? वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांनी दिलेल्या माहितीनुसार नॅशनल्सनी तो घेतलाच नव्हता. लोकांना हा बेफिकीरपणा वाटतो, मला तसा वाटत नाही. ३१ वर्षांचा पिचर, कोपर २०१० मध्ये शिवलेला, वर्षाचा पगार ३.५ कोटी. अशा माणसाचा हप्ता काय निघेल आणि त्यातून काय काय वगळलं जाईल याची कल्पना करा. अनेक क्लब हिशोब करून सांगतात की हप्त्याच्या पैशात आम्ही आणखी एक पिचर घेऊ. बहुतेक वेळा ते बरोबर ठरतात.

विमा नव्हता म्हणून त्याची निवृत्ती किचकट झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये ठरलेला निरोपाचा कार्यक्रम क्लबने रद्द केला. पैसे कसे आणि कधी द्यायचे यावर मालकांचं मन बदललं होतं. निवृत्ती कागदावर आली एप्रिल २०२४ मध्ये, हप्त्यांची मांडणी बदलून. विमा नसलेल्या क्लबच्या हातात हेच एक साधन उरतं: रक्कम कमी होत नाही, पण लांबवता येते. गंमत अशी की २०१९ मध्ये स्ट्रॅसबर्गचा करार झाला त्याच आठवड्यात, त्याच एजंटमार्फत, त्याच संघातला अँथनी रेंडन लॉस एंजलिस एंजल्सकडे गेला, तोही ७ वर्षं आणि २४.५ कोटींवर. पुढे कुठल्याच हंगामात तो ५८ पेक्षा जास्त सामने खेळला नाही. २०२५ च्या अखेरीस त्याच्याही शेवटच्या वर्षाचे ३.८ कोटी पुढच्या काही वर्षांत विभागून द्यायचं ठरलं.

लक्झरी टॅक्सबद्दल थोडंच सांगतो. बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही, पण एका रेषेच्या वर गेलात तर कर लागतो; २०२५ मध्ये ती रेषा २४.१ कोटींवर होती. तिथे कराराची वार्षिक सरासरी मोजतात. खेळाडू अंथरुणावर असला, विमा कंपनी पैसे भरत असली, तरी आकडा तोच. एल्सबरी २०१७ नंतर खेळलाच नाही, पण दर वर्षी सुमारे २.१९ कोटी यांकीजच्या खात्यात मोजले जात राहिले. बास्केटबॉलमध्ये कारकीर्द संपवणाऱ्या दुखापतीला सूट मिळते, इथे नाही. श्रीमंत क्लबांना पगारापेक्षा हेच जास्त टोचतं.

म्हणून शहाणे क्लब सगळी मेहनत सही होण्याआधी करतात. कार्लोस कोरेयाचा किस्सा तुम्ही वाचला असेल. डिसेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १३ वर्षांसाठी ३५ कोटी ठरले. डॉक्टरांनी २०१४ साली शस्त्रक्रिया झालेल्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं आणि सौदा मोडला. लगेच मेट्सशी १२ वर्षं, ३१.५ कोटी; त्यांच्या डॉक्टरांनाही तेच दिसलं. जानेवारीत तो मिनेसोटाला परतला, ६ वर्षं आणि २० कोटींच्या हमीवर, पुढची वर्षं खेळला तरच. त्या पायामुळे तोवर मेजर लीगमध्ये त्याचा एकही दिवस बुडालेला नव्हता. डॉक्टर आज दुखतंय का हे बघत नाहीत, ३८ व्या वर्षी दुखेल का हे बघतात.

मला स्वतःला आवडतं ते बॉस्टन रेड सॉक्सने पिचर जॉन लॅकीच्या करारात घातलेलं कलम. २००९ मध्ये ८.२५ कोटींचा सौदा करताना त्याच्या कोपराबद्दल शंका होती. त्यांनी लिहून घेतलं की जुन्या कोपराच्या दुखण्यामुळे मोठा काळ बुडाला तर एक जादा वर्ष लीगच्या किमान पगारावर खेळायचं. कोपर गेला, २०१२ चा हंगाम गेला. २०१३ मध्ये लॅकीने वर्ल्ड सीरिजचा शेवटचा सामना जिंकून दिला, आणि २०१५ मध्ये, तोवर सेंट लुइसला गेलेला असताना, ५ लाख ७ हजार ५०० च्या मूळ पगारावर खेळला. सिएटलने फेलिक्स हर्नांडेझच्या १७.५ कोटींच्या करारातही १० लाखांच्या जादा वर्षाचं असंच कलम घातलं होतं, ते वापरायची वेळ आली नाही. विमा कंपनी जे वगळते ते क्लबने करारातून परत मिळवायचं, हा त्यामागचा विचार.

सही झाली, दुखापत झाली, विमा नाही, कलम नाही. तेव्हा दोनच वाटा. टोरोंटोने डिसेंबर २०१८ मध्ये ट्रॉय टुलोविट्झकीला ३.८ कोटी देणं बाकी असताना सोडलं. यांकीजनी त्याला ५ लाख ५५ हजारांच्या किमान पगारावर घेतलं, तो ५ सामने खेळला. उरलेला भार टोरोंटोचाच. दुसरी वाट म्हणजे कोणी घेणारा शोधणं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनने कार्ल क्रॉफर्डला, कोपराची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झाले असताना, इतर महागड्या खेळाडूंच्या गठ्ठ्यात घालून डॉजर्सकडे पाठवलं. डॉजर्सना त्या गठ्ठ्यातला एड्रियन गोन्झालेझ हवा होता, त्यासाठी क्रॉफर्डही घेतला.

याच बॉस्टनने क्रिस सेलला २०२० पासून ५ वर्षांसाठी १४.५ कोटी दिले. कोपर, बरगडी, बोट आणि शेवटी सायकलवरून पडून मनगट. पहिल्या ३ हंगामांत मिळून ११ सामने. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी त्याला अटलांटा ब्रेव्ह्जला दिलं, वर १.७ कोटी रोख. पुढच्या वर्षी सेलने १८ सामने जिंकले, २२५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारं नॅशनल लीगचं साय यंग पारितोषिक घेतलं. बॉस्टनमध्ये यावरून अजून शिव्या चालतात. त्या डिसेंबरच्या वैद्यकीय फाइलवर मला अंडररायटिंग करायला सांगितलं असतं तर मी हप्ता इतका लावला असता की कोणी पॉलिसी घेतली नसती. ब्रेव्ह्जनी मात्र तीच फाइल वाचून, त्याने त्यांच्यासाठी एकही चेंडू टाकण्याआधी, ३.८ कोटींचा नवा २ वर्षांचा करार त्याच्या हाती ठेवला.